उंबऱ्यावरचं मरण

सबोहत काराबुलोक गावातल्या लग्नघरी पोचली तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते आणि अंगणातल्या कढईखाली जाळ नुकता धरला होता. चिरलेल्या गाजरांचे दोन ढीग चादरीवर पडले होते, म्हातारे पुरुष बाजेवर बसून पहिला चहा घेत होते, आणि साखळीला बांधलेला कुत्रा तिच्याकडे बघून न थांबता भुंकत होता. कुत्र्याला कुणी गप्प केलं नाही. पाहुण्याला 'या' म्हणायची एक वेळ असते, ती टळली की न म्हणणं मुद्दाम ठरतं. इथे ती केव्हाच टळून गेली होती.

तिला मुलाकडच्यांनी पाठवलं होतं, हेच मुळात मुलीकडच्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. नवरा मुलगा बोतिर चार वर्षं कोरियातल्या कारखान्यात राबत होता, आणि तिथल्या सोबत्यांना दाखवायला त्याला लग्नाच्या दिवसाचा सकाळपासूनचा अल्बम हवा होता. नवरीचे बूट, नवरीचा आरसा, भुवयांना लावायचा हिरवा रस, छतापर्यंत रचलेल्या रजया, सगळं. बायकांच्या खोलीत पुरुष फोटोवाला चालत नाही, म्हणून देनोव शहरातून ही फोटोवाली बाई. म्हणजे आमच्या घरात काय आहे नि काय नाही ते मोजायला पाठवलेली, असा अर्थ नवरीच्या आईने काढला होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असंही नाही.

नवरीच्या आईचं नाव खोसियत. तिने सबोहतला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न टाकला, मुलं किती? सबोहतने सांगितलं, लग्न व्हायचंय. वय विचारल्यावर तेही सांगितलं, एकोणचाळीस. खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बिनलग्नाच्या प्रौढ बाईचा हात नवरीच्या सामानाला लागलेला कुणालाच आवडत नाही. तेव्हा, सांगायचं नाही असं ठरवलेलं असूनही, सबोहतच्या तोंडून निघून गेलं की ठरलंय, वीस दिवसांनी आहे.

"वीस दिवसांनी?" नवरीची वहिनी रायखोन म्हणाली. तिची जीभ म्हणजे वस्तरा, हे सबोहतला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. "मग नवरा घोड्यावरून येणार की काठी टेकत?"

बायका हसल्या. सबोहतही हसली, पण तिला ते लागलं. नसीम जनावरांचा डॉक्टर होता, विधुर होता, पंचेचाळिशीचा होता, आणि तिच्याशी बोलताना तो हातातलं काम खाली ठेवायचा. एवढ्यावरच तिने त्याला हो म्हटलं होतं. दोनशेच्या वर लग्नांचे फोटो तिने काढले होते. पडद्यामागे गादीवर बसलेली नवरी तिने दोनशे वेळा भिंगातून पाहिली होती. एकदा त्या गादीवर आपण बसावं, आणि फोटो दुसऱ्या कुणीतरी काढावा, एवढंच तिला हवं होतं. वीस दिवस राहिले होते, आणि ती ते बोटांवर मोजत होती.

तिने बॅग उघडली आणि कामाला लागली.

नवरी ओयसुलू एकोणीस वर्षांची, सडपातळ, सारखी तहान लागणारी पोर होती. तिला आरशासमोर बसवलं होतं. रायखोन काडीला कापूस गुंडाळून तिच्या भुवया रंगवत होती. कोपऱ्यात नक्षीचा पडदा अर्धा टांगून झाला होता, त्याच्या मागे नवरा-नवरीची गादी. खोलीला दार एकच, पूर्वेकडे, ओसरीवर उघडणारं. खिडकीला गज. उंबरा तुतीच्या लाकडाचा, पावलांनी मधोमध झिजून खोलगट झालेला. सबोहतने नवरीच्या बुटांचा फोटो काढला, आरशाचा काढला, भुवयांचा काढला. खोसियत प्रत्येक फोटोनंतर ती वस्तू उचलून पेटीत ठेवत होती आणि पेटीला कुलूप लावत होती. सबोहतने ते दिसलं नाही असं दाखवलं.

साडेसातला ऊन उंबऱ्यावर आलं.

ते कसलं ऊन होतं ते फोटो काढणाऱ्यालाच कळेल. डोंगराच्या खांद्यावरून तिरपं आलेलं, पिवळं, दाट. जुन्या लाकडाची रेघन् रेघ उचलून धरणारं. असलं ऊन वीस मिनिटं टिकतं. सबोहतची कामाची एक रीत होती. दुपारच्या गर्दीत जे विधी व्हायचे असतात, त्यातले एक-दोन ती सकाळीच, मोकळ्या जागेत, चांगल्या उजेडात करवून घ्यायची. दुपारी शंभर फोन वर धरलेले असतात, ऊन डोक्यावर असतं आणि कुणाचं तरी कोपर मध्ये येतं. सकाळचा खोटा फोटो दुपारच्या खऱ्यापेक्षा खरा दिसतो, असं ती नेहमी सांगायची. आजवर त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

उंबरा बघितल्यावर तिला अर्थातच म्हातारी आठवली. या भागात नवरा दारात आला की गावातली एखादी म्हातारी उंबऱ्यात आडवी पडते. बायका ओरडतात, म्हातारी मेली, म्हातारी मेली! मग मुलाकडच्यांनी तिच्या अंगावर काहीतरी टाकायचं, एखादा रुमाल, एखादं कापड. ते मिळालं की म्हातारी जिवंत होते, उठून दोन गिरक्या घेते, आणि नवऱ्याला वाट सोडते. लग्नातला सगळ्यांत मोठा हशा तेव्हाच पिकतो.

काराबुलोकची म्हातारी ओसरीवरच बसली होती. अंझीरत मोमो. इकडे आजीला मोमो म्हणतात; अंझीरत कुणा एकाची आजी नव्हती, सगळ्या गावाची होती. ओंजळीत मावेल एवढी बाई, दोन सोन्याचे दात, हाताला कंप, आणि गुडघे असे गेलेले की खाली बसवायला दोघी लागत. गेल्या चाळीस वर्षांत गावातल्या प्रत्येक लग्नात हीच मेली होती.

सबोहतने तिला विनंती केली. पाच मिनिटांचं काम आहे, फोटोपुरतं.

"आत्ता मरू?" मोमोने विचारलं. "नवरा कुठाय?"

"तो दुपारी येईल. दुपारी तुम्ही पुन्हा कराच."

"मग आत्ता मला उठवणार कोण?"

"मी उठवीन."

"काय देऊन?"

ऊन सरकत होतं. उंबऱ्याच्या कडेला सावलीची एक बारीक रेघ आलेली सबोहतला दिसत होती. "हवं ते घ्या, मोमो," ती म्हणाली, "पण आधी आडव्या व्हा. ऊन चाललं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच. घाईच्या वेळी माणूस असं दिवसातून दहा वेळा बोलतो. पण खोलीत रायखोनचा हात ओयसुलूच्या भुवईवर अर्ध्यातच थांबला, आणि हिरव्या रसाचा एक थेंब पोरीच्या गालावर ओघळला. तो कुणी पुसला नाही.

"असं बोलू नये," खोसियत म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढलेला नव्हता. "मागे घे."

"ऐकलं मी," मोमो म्हणाली. तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, दुआ पुरी झाल्यावर फिरवतात तसे, आणि कुणाचीही मदत न घेता उंबऱ्यात आडवी झाली.

सबोहत खोलीच्या आत होती. तिथून फोटो सुरेख येत होता. समोर उंबऱ्यावर म्हातारी, अंगभर ऊन, मागे ओसरीचा खांब, एका बाजूला आरशात नवरीचा अर्धा चेहरा. तिने अकरा फोटो काढले. मोमोच्या हाताचा कंप थांबला होता, त्यामुळे एकही हलला नाही.

"झालं, मोमो. उठा आता."

मोमो उठली नाही.

सबोहतला हसू आलं. मुरलेली म्हातारी, काही घेतल्याशिवाय कशी उठेल? तिने गळ्यातला रेशमी रुमाल काढला, चांगला मार्गिलानचा, आणि मोमोच्या छातीवर घातला. रुमाल क्षणभर राहिला आणि घसरून आतल्या बाजूला, सबोहतच्या पायाशी पडला. तिने तो पुन्हा घातला. पुन्हा तसाच पडला. तिसऱ्या वेळी तिने तो मोमोच्या बोटांत अडकवला, आणि डोळ्यादेखत ती बोटं न हलता रुमाल त्यातून निसटला. वारा नव्हता. खोसियतने नजर उतरवायला हरमलाच्या वाळक्या काड्या पेटवून हातात धरल्या होत्या, त्यांच्या धुराची रेघ सरळ वर जात होती.

"रेशीम आहे, निसटणारच," सबोहत म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

तिने खाली बसून मोमोचं मनगट धरलं. नाडी लागेना. म्हाताऱ्या माणसांची पटकन लागत नाही. तिने कॅमेऱ्याचं भिंग मोमोच्या नाकाशी नेलं, आणि काचेवर धुकं धरलं. सबोहतच्या जिवात जीव आला. "बघा, श्वास आहे," ती म्हणाली, आणि काच पुसायला तिने स्वतः त्यावर फुंकर घातली, नेहमी घालते तशी. काच कोरडी राहिली. तिने पुन्हा, तोंड उघडून, गरम श्वास सोडला. काहीच उमटलं नाही. काच एव्हाना तापली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि कॅमेरा बाजूला ठेवला.

मग उचलून बघू म्हणून तिने काखेत हात घातले. मोमोचं वजन ते काय असणार! पण उचलायला गेल्यावर वाटलं, आपण बाईला उचलत नाही, उंबऱ्याचं लाकूडच उपटायला बघतोय. बाहेरून दोन शेजारणींनी पाय धरले. मोमोची टाचदेखील हलली नाही. शेजारणी हात झटकत मागे सरल्या आणि त्यांनी ते हात हौदावर जाऊन धुतले.

ओलांडून बाहेर जावं तर मेलेल्याला ओलांडत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. खेळातल्या मेलेल्यालासुद्धा नाही. सबोहतने पाय उचलून पाहिला, तेव्हा खोसियतने मागून तिचा घागरा मुठीत धरला आणि सोडला नाही.

"माझ्या पोरीच्या उंबऱ्यावरून अशी जाशील?" तिने विचारलं. "आधी एकदा हिचं ठरलं होतं, तेव्हा वऱ्हाड नाक्यावरून परत गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. आज दारातून परत गेलं, तर तिसऱ्यांदा कोण येणार?"

घोडं तिथेच अडलं. नवरी आत, आई आत, वहिनी आत, फोटोवाली आत, आणि दाराची एकुलती एक वाट म्हातारीने अडवलेली. बाराला नवरा येणार. नवऱ्याने दाराबाहेर ताटकळायचं नसतं, ताटकळला की लग्न फिसकटलंच. दिल्यावाचून म्हातारी उठत नाही, आणि द्यायचं कबूल कुणी केलं होतं ते सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. ओसरीवर बायका जमल्या. एकीनेही मोमोकडे पाहिलं नाही. सगळ्या सबोहतकडे बघत होत्या, बाजारात लबाड तराजूवाल्याकडे बघतात तशा. खिडकीच्या गजांतून चहा आत आला. आत चौघी होत्या. पियाले तीन आले.

नऊ वाजले. सबोहतने हातातली अंगठी काढून देऊ केली. नसीमने दिलेली नव्हे, आईची. ती पडली. घड्याळ पडलं. खिशातली साखर, पाव, मोमोच्या तोंडाशी धरलेलं पाणी, सगळं आतल्या बाजूलाच आलं. प्रत्येक वस्तू तिच्या पायाशी येऊन थांबत होती. "हवं ते म्हणालीस," ओसरीवरून कुणीतरी म्हणालं. "ती मागेल तेव्हा देशील. तू कशाला निवडतेस?"

तोंड चालवून वेळ मारून न्यायची सबोहतला सवय होती, पण इथे तोंड चालवायला समोर कुणी नव्हतं. काही सुचेना म्हणून तिने सवयीने कॅमेऱ्यातून उंबऱ्यावरचा उजेड मोजला. आकडा साडेसातचाच आला.

तिने पुन्हा मोजला. मग वाकून बाहेर पाहिलं. ओसरीच्या खांबाची सावली भिंतीवरून उतरून ओसरीवर आली होती, अंगणातल्या अक्रोडाची सावली बुंध्याकडे आखडली होती. सूर्य चांगला वर आला होता. उंबऱ्यावर मात्र तेच तिरपं, पिवळं, दाट ऊन मोमोच्या अंगावर पडलं होतं. कडेची सावलीची बारीक रेघ केसभरही पुढे आली नव्हती. दहाला तिने मोजलं. अकराला मोजलं. बावीस वर्षं ती उजेडावर जगत होती. कॅमेरा बिघडतो, माणसं बिघडतात, पण उजेड बिघडलेला तिने कधी पाहिला नव्हता. आता मात्र तिला भीती वाटली, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की त्या वीस दिवसांचं आपण काहीतरी करून बसलो आहोत.

"काय घेते ती?" तिने रायखोनला हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक," रायखोन म्हणाली. "आजवर तिला असं कुणी बोललंच नाही. एवढं मूर्ख इथं कुणी नाही."

पावणेबाराला दरीतून कर्णे ऐकू आले. लांबलचक पितळी कर्णे, दोन, मागे ढोल. गाड्यांची धूळ वळणावर वर आली.

ओयसुलू रडली नाही. ती उठून, नवरीचा सगळा साज सावरत, सबोहतच्या समोर येऊन बसली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले. पोरीचे हात गार होते. "आपा," ती म्हणाली, "मी या घरात आणखी एक वर्ष काढू शकणार नाही. तुम्ही झोपवलंत तिला. तुम्हीच उठवा."

कर्णे जवळ आले.

मोमोचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते.

"दिलं म्हण," ती म्हणाली.

आवाज म्हातारीचा नव्हता असं नाही. तिचाच होता. फक्त त्यात धाप नव्हती.

"काय दिलं?" सबोहतने विचारलं.

"दिलं म्हण."

"म्हण ना," खोसियत म्हणाली. "बोललीस तू, आम्ही नाही."

"म्हणू नका, आपा," रायखोन म्हणाली. सकाळपासून जिने एक सरळ शब्द टाकला नव्हता, तीच. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "वीस दिवस राहिलेत म्हणालात ना? मग म्हणू नका."

खोसियतने वळून तिच्या तोंडावर चापट मारली.

ढोल कोपऱ्यावर आला. कुत्रा भुंकत होता. ओयसुलूची नखं सबोहतच्या तळहातात रुतली होती.

सबोहत शिकलेली बाई होती. दिलं म्हणायला काय जातं, असं तिने मनाशी म्हटलं. शब्दच तो.

"दिलं," ती म्हणाली.

मोमो उठली. गुडघ्याला हात न लावता, कुणाला हात न देता, एका झटक्यात. उंबऱ्यावरचं ऊन दिव्याची वात खाली केल्यासारखं उतरलं आणि दुपारची साधी सावली तिथे आली. मोमोने अंग झटकलं, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला, सबोहतकडे एकदा, ओळख नसल्यासारखं पाहिलं, आणि ती ओसरीवरच्या गर्दीत मिसळली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. बोतिर दारात आला, मोमो पुन्हा आडवी पडली, बायका ओरडल्या, बोतिरच्या आत्याने तिच्या अंगावर निळं कापड टाकलं, आणि मोमो उठून अशी नाचली की कर्णेवाल्यांनी कर्णे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांत ती अशी नाचली नव्हती, असं कुणीतरी म्हणालं. आरशात नवरा-नवरीने एकमेकांना पाहिलं. ओयसुलू हसली. सबोहतने सगळ्याचे फोटो काढले, तिचे हात नेहमीसारखे चालत होते, आणि एक-दोन वेळा तिला वाटलंही की सकाळी आपण उगाच घाबरलो.

फक्त बायका एकाएकी अदबीने वागायला लागल्या होत्या. पायरीवर कुणीतरी तिचं कोपर धरलं. उभी राहिली की मागून गादी यायची. तिने भिंग बदलायला बॅग उचलली, तर खोसियतने, सकाळच्या त्याच खोसियतने, ती तिच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "असू द्या हो, कशाला त्रास." जेवताना तिच्यापुढे पुलाव आला नाही. चहात भिजवून मऊ केलेला पाव आला, वाटीत, चमच्यासकट. पडद्यामागे जाण्याआधी ओयसुलूने तिच्यापुढे वाकून आशीर्वाद मागितला, वडीलधाऱ्यांकडे मागतात तसा. सबोहतला वाटलं, ही वयावरूनची चेष्टा अजून चाललीच आहे. तिने रागाने रायखोनला शोधलं. रायखोन ओसरीच्या टोकाला पाठ करून बसली होती. सबोहतने हाक मारली, तरी ती वळली नाही. तिचे खांदे हलत होते.

नवरीच्या आरशापुढून जाताना सबोहतने त्यात पाहिलं. सकाळचाच चेहरा होता, एकोणचाळीस वर्षांचा, डाव्या भुवईवर तीळ. तिने केस नीट केले.

पाचला गाडी आली. सकाळी तिच्याशी भाड्यावरून अर्धा तास भांडलेला ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने पुढचं दार उघडून धरलं. "सावकाश, मोमो," तो म्हणाला. मग तो चालवायला न बसता अंगणाकडे बघत उभा राहिला. सबोहतने विचारलं, निघायचं का? तो म्हणाला की एक फोटोवाली आपा आहे, तिलाही न्यायचंय. सबोहत म्हणाली, मीच ती. तो हसला, म्हाताऱ्या माणसाच्या थट्टेला हसतात तसा, आणि वाट बघत राहिला. अर्ध्या तासाने त्याने मागच्या सीटवरची कॅमेऱ्याची बॅग पाहिली आणि स्वतःशीच म्हणाला की सामान तुमच्याबरोबर पुढे पाठवलंय वाटतं तिनं. सबोहतने त्याला खूप समजावलं. नाव सांगितलं, घराचा पत्ता सांगितला, सकाळच्या भांडणाचा शब्दन् शब्द सांगितला. तो प्रत्येक वाक्याला "हो, मोमो" म्हणत गाडी चालवत राहिला. घाट उतरताना तिने नसीमला फोन लावला. त्याने अदबीने सलाम केला आणि विचारलं, "कोण बोलतंय, मोमो? सबोहतचा फोन तुमच्याकडे कसा?" तिने फोन बंद केला. गाडीच्या आरशात तिचाच चेहरा होता.

देनोवला पोचली तेव्हा अजून उजेड होता. तिने धावतच फाटक उघडलं. आई अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली, चटईवर लाल रजई पसरून बसली होती. तिची चाहूल लागताच आई लगबगीने उठून उभी राहिली. छातीवर हात ठेवून तिने किंचित वाकून सलाम केला. सबोहतच्या आईचं वय सदुसष्ट होतं, आणि गल्लीत तिच्याहून मोठं कुणी नसल्यामुळे ती कुणासाठी उठत नसे.

"आई," सबोहत म्हणाली.

"या, मोमो, या," आई म्हणाली, आणि तिने हाताला धरून तिला वरच्या जागी, उशीला टेकून बसवलं. "दमून आलात. आमची सबोहत येईलच इतक्यात. डोंगरात लग्न होतं, उशीर झाला असेल. तोवर एक काम कराल? चांगल्या वेळी आलात बघा. तिच्या लग्नाची रजई आहे. पहिला टाका मोठ्या बाईच्या हातचा घालतात. तुमच्याएवढं आयुष्य लाभू दे माझ्या लेकीला."

तिने सुई आणि दोरा पुढे केला.

सबोहतला ओरडायचं होतं. आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ओरडवेना. तिने सुई घेतली, दोरा ओठांत ओला केला आणि सुई मावळतीच्या उजेडाकडे धरली. आई शेजारी बसून वाट बघत होती.

सबोहतला सुईचं नेढं दिसेना.